उलुरू आणि किंग्ज कॅन्यन : तीन दिवसांची कॅम्पिंग टूर, जुलै महिना, सोबत साठीतले आईबाबा. काय बघून बुक करावी?

चिंचबन

नमस्कार. मी मेलबर्नला राहतो. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात आईबाबांना घेऊन मध्य ऑस्ट्रेलियातलं उलुरू (वाळवंटातला प्रचंड लाल खडक), काटा जुटा (घुमटांसारख्या खडकांचा समूह) आणि किंग्ज कॅन्यन (खोल दरी) करायचं ठरतंय. गाडी भाड्याने घेऊन स्वतः जाण्यापेक्षा गाइडसोबतची तीन दिवस, दोन रात्रींची कॅम्पिंग टूर बरी वाटतेय. रात्री उघड्यावर 'स्वॅग'मध्ये (कॅनव्हासच्या वळकटीत) झोपायचं असतं असं सगळीकडे लिहिलंय.

बाबा ६६, आई ६२. दोघं रोज चार-पाच किलोमीटर चालतात. आईचा उजवा गुडघा उतारावर दुखतो. बाबांना मधुमेह आहे, रात्री इन्सुलिन घेतात. आई शाकाहारी, अंडंही खात नाही.

१. टूर अ‍ॅलिस स्प्रिंग्ज या शहरातून घ्यावी की उलुरूजवळच्या युलारा गावाहून? किमतीत बराच फरक दिसतोय.
२. थंडी किती असते? वाळवंट म्हणून आईबाबा सुती कपडेच भरणार आहेत.
३. साप वगैरेंची भीती किती?
४. कंपनीला आधी नेमकं काय विचारून घ्यावं?
५. बाबा विचारताहेत, उलुरूवर चढता येतं का?

---

रानवाटा

पाचव्यापासून सुरू करतो. चढता येत नाही. २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायमची बंद आहे, वर लावलेली साखळीही काढून टाकली. अनांगू या इथल्या मूळ रहिवाशांना ही जमीन २६ ऑक्टोबर १९८५ ला परत मिळाली, त्याच तारखेला त्यांनी चढाई थांबवली. त्यांच्यासाठी ती पूजनीय जागा आहे. पायथ्याची प्रदक्षिणा मात्र जरूर करावी : १०.६ किलोमीटर, पूर्ण सपाट, साधारण साडेतीन तास. आपल्या लोकांना देवस्थानाची प्रदक्षिणा समजावून सांगावी लागत नाही, बाबांना हे लगेच पटेल. वाटेत काही ठिकाणी फोटो काढू नका अशा पाट्या आहेत. तेवढ्या भागात कॅमेरा बॅगेत ठेवायचा. ड्रोन इथल्या राष्ट्रीय उद्यानात चालत नाही, आणि दगड-वाळू खिशात घालून आणायची नाही.

आता अंतरं. टूर निवडण्याआधी हीच कागदावर मांडा, कारण किमतीतला फरक बहुतेक इथूनच येतो.

अ‍ॅलिस स्प्रिंग्ज ते युलारा साधारण ४५० किमी. युलारा ते किंग्ज कॅन्यन ३०० च्या थोडं वर. किंग्ज कॅन्यन ते अ‍ॅलिस डांबरी रस्त्याने ४७० च्या आसपास. उद्यानातली ये-जा धरली (काटा जुटा एकटाच युलारापासून ५० किमी लांब आहे) तर तीन दिवसांत १३०० ते १४०० किलोमीटर होतात. नकाशावर ही तीन ठिकाणं शेजारी वाटतात, प्रत्यक्षात पुण्याहून नागपूरला जाऊन परत आल्याइतका प्रवास आहे.

अ‍ॅलिसहून निघणाऱ्या टूरचा पहिला दिवस असा जातो : पहाटे सहाला गाडी हॉटेलवर येते. दोनशे किलोमीटरवर अर्लडुंडा, तिथे पेट्रोल, चहा आणि स्वच्छतागृह. तिथून पश्चिमेला वळलं की अडीचशे किलोमीटरचा लॅसेटर हायवे. दुपारी एकच्या सुमारास युलारा, जेवण, मग सांस्कृतिक केंद्र आणि उलुरूभोवतीची एखादी चाल, शेवटी सूर्यास्त. जुलैत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे चालायला हातात तीन-चार तासच राहतात. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठणं, सूर्योदय (साडेसातच्या सुमारास), काटा जुटा, आणि दुपारून किंग्ज कॅन्यनचा कॅम्प. तिसऱ्या दिवशी सकाळी कड्यावरची चाल आणि लगेच अ‍ॅलिसकडे परत, संध्याकाळी पाच-सहापर्यंत.

तुमच्या बाबतीत मी युलाराच्या विमानतळावरून सुरू होणारी टूर घ्यायला सांगेन. मेलबर्नहून तिथे थेट विमानं असतात. पहिल्या दिवशीचे ४५० किलोमीटर वाचतात आणि आईबाबा उलुरूच्या पायथ्याशी ताजेतवाने पोचतात. शेवट अ‍ॅलिसला होत असेल तर परतीचं विमान दुसऱ्या दिवशीचं काढा. संध्याकाळी सातचं विमान पकडायचं म्हणून बसलात आणि टायर गेला, तर तिकीट गेलंच. शिवाय अंधार पडल्यावर या रस्त्यांवर गुरं, कांगारू, उंट आडवे येतात. कुंपण नाही, त्यामुळे रात्री गाडी हाकायची वेळ येऊ नये असाच चालकाचा प्रयत्न असतो. तुमच्यासाठी तो घाई करणार नाही, करूही नये.

कंपनीला ईमेलने विचारायचं आणि उत्तर लेखी घ्यायचं :

कॅम्प कायमचा बांधलेला आहे की रोज नव्या जागी? स्नानगृह आहे का? स्वॅग त्यांचा, पण स्लीपिंग बॅगही त्यांचीच का, की तिचं भाडं वेगळं? असल्यास तिचा आरामदायक तापमानाचा आकडा किती? तंबूचा पर्याय जादा पैशांत मिळतो का? एका गाडीत जास्तीत जास्त किती जण, आणि गाइड एकच की दोन? हा शेवटचा प्रश्न तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. गाइड एकटा असेल तर किंग्ज कॅन्यनला तो गटाबरोबर वर जाणार आणि आई खाली एकटी राहणार. तिने त्या साडेतीन तासांत काय करायचं, हे आधी ठरलेलं हवं.

उद्यानाचं शुल्क किमतीत धरलंय का तेही बघा. उलुरूचा तीन दिवसांचा पास प्रौढांना ३८ डॉलर, १८ वर्षांखालच्यांना फुकट. बुक करताना चालू दर एकदा पडताळा. आणि सामानाची मर्यादा विचारा : बहुतेक जण १० ते १५ किलोची एक मऊ पिशवी सांगतात. चाकांची कडक बॅग ट्रेलरमध्ये रचता येत नाही. ती विमानतळाजवळच्या हॉटेलात ठेवावी लागते, आणि टूर एका गावी सुरू होऊन दुसऱ्या गावी संपत असेल तर ती बॅग मागेच राहते. मेलबर्नहून निघतानाच मऊ पिशव्या भरा.

---

लालमाती

थंडीबद्दल नीट लिहितो. जुलैत या टूरवर लोक आजारी पडतात ते उन्हाने नव्हे, थंडीने.

जुलैत दिवसा २० च्या आसपास, छान ऊन. रात्री सरासरी किमान ४-५ अंश, आणि शून्याखाली जाणाऱ्या रात्रीही येतात. कारण साधं आहे : हवा कोरडी, आभाळ निरभ्र, त्यामुळे दिवसभर तापलेली वाळू सूर्य मावळताच सगळी उष्णता वर सोडून देते. सात वाजता स्वेटर लागतो, नऊला जॅकेट, आणि पहाटे पाच ते सात ही सगळ्यात गार वेळ. नेमकी तेव्हाच तुम्ही अंथरुणातून बाहेर पडून सूर्योदयाची वाट बघत उभे असता.

सुती कपडे दिवसा चालतील, रात्री नाहीत. चालून घाम आला की सुती बनियन ओला राहतो आणि सूर्य गेल्यावर तोच अंगाला गारठवतो. प्रत्येकी थर्मलचा एक जोड (लोकरी किंवा सिंथेटिक), जाड फ्लीस, वारा अडवणारं जॅकेट, कानटोपी, हातमोजे, लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड. एक मोजा-जोड फक्त झोपण्यासाठी राखून ठेवायचा, त्यात दिवसा चालायचं नाही.

स्लीपिंग बॅगेवर दोन-तीन आकडे छापलेले असतात. 'कम्फर्ट' म्हणजे त्या तापमानाला नीट झोप लागते. 'लिमिट' म्हणजे अंग मुडपून कशीबशी रात्र निघते. 'एक्स्ट्रीम' म्हणजे फक्त जीव वाचतो. दुकानात मोठ्या अक्षरात बहुधा दुसरा किंवा तिसरा आकडा असतो. तुम्हाला कम्फर्ट शून्य किंवा त्याखालचा हवा. साठीपुढे थंडी जास्त लागते, आईबाबांसाठी उणे पाचचा बघा. भाड्याच्या बॅगा बऱ्याच वापराने दबलेल्या असतात, म्हणून आत घालायचा लायनर स्वतःचा न्या. तो धुता येतो आणि दोन-तीन अंशांची ऊबही देतो.

स्वॅग म्हणजे जाड कॅनव्हासची वळकटी, आत चार-पाच सेंटिमीटरची गादी. तंबू नाही, वर फक्त कॅनव्हासची झडप. नीट अंथरला तर उत्तम झोप लागते. कसा अंथरायचा ते सांगतो.

जागा आधी बघा. दोन टेकाडांमधल्या खोलगट जागी गार हवा साचते, तिथे नको. किंचित उंचावर, सपाट, डोकं चढाच्या बाजूला. कोरड्या नदीच्या पात्रात कधीच नाही. वर कुठे पाऊस झाला तर पाणी सूचना देऊन येत नाही. पात्राकाठच्या मोठ्या रेड गम निलगिरीखालीही नाही : त्या झाडाच्या जड फांद्या वारा नसतानाही तुटून पडतात. शेकोटीपासून चार-पाच मीटर लांब, ठिणगीने कॅनव्हासला आणि त्याहून पटकन स्लीपिंग बॅगेला भोक पडतं.

जमिनीवरून हात नव्हे, बूट फिरवून काटे-खडे बाजूला करा. स्पिनिफेक्स नावाच्या गवताची पाती सुईसारखी असतात, टोक कातडीत मोडून राहतं. स्वॅग झोपायच्या वेळीच उलगडा आणि आधी झटका. बूट बाहेर ठेवले तर डिंगो (तिथला रानकुत्रा) उचलून नेतो. कातड्याच्या वासाला तो हमखास येतो. बूट उशाशी, झडपेच्या आत. खाण्याची एकही वस्तू, अगदी खोकल्याची गोड गोळीही, स्वॅगमध्ये नको. सगळं गाडीत.

उद्याचे कपडे स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवा, सकाळी उबदार मिळतात. फोन आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्याही आत, गारठ्याने त्या रात्रीत उतरतात. धातूच्या बाटलीत गरम पाणी भरून मोज्यात घालून पोटाशी धरली तर चार-पाच तास पुरते. आणि झडप पूर्ण ओढून घेऊ नका. श्वासातली वाफ आत कॅनव्हासला लागून गळते आणि पहाटे बॅग दमट होते. तोंड बाहेर, कानटोपी घट्ट.

सापांचं : जुलैच्या थंडीत ते बहुतेक सुस्त पडून असतात, रात्री हिंडत नाहीत. तरी अंधारात चालताना डोक्यावरची बॅटरी लावा, लाकडं उचलताना हातमोजे घाला आणि सकाळी बूट झटकून मगच पाय घाला. माश्याही जुलैत कमी असतात, पण डोक्यावरून घालायची जाळी जवळ असू द्या, वजन काहीच नाही. ती कडा असलेल्या टोपीवरूनच घालायची, नाहीतर जाळी तोंडाला चिकटते आणि माश्या बाहेरून ओठांवरच बसतात.

---

कडेलोट

रानवाटा यांच्या युलाराच्या सल्ल्याशी मी पूर्ण सहमत नाही. अ‍ॅलिसहून गाडीने गेलं की साडेचारशे किलोमीटरमध्ये जमीन हळूहळू कशी बदलते ते दिसतं : मल्गाची खुरटी झाडं, मग लाल टेकाडं, मग डेझर्ट ओक. वाटेत डावीकडे माउंट कॉनर हा सपाट माथ्याचा डोंगर दिसतो. सगळी गाडी त्यालाच उलुरू समजून कॅमेरे काढते. विमानाने थेट उतरलात तर हा देश केवढा रिकामा आहे ते कळत नाही. गुडघ्याचा प्रश्न नसता तर मी अ‍ॅलिसच म्हटलं असतं. आईसाठी युलारा ठीक आहे.

आता गुडघा. किंग्ज कॅन्यनची कड्यावरची चाल ६ किमी, तीन ते चार तास. ती एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने करायची असते, म्हणून पहिलीच खडी चढण टाळता येत नाही : सुमारे ५०० पायऱ्या, ओबडधोबड दगडी, उंची सारखी नाही. ज्यांना सिंहगड पायी चढायची सवय आहे त्यांना ती जड नाही. तुमच्या आईला चढण नव्हे, नंतरचं अधूनमधून उतरणं त्रास देईल, विशेषतः 'गार्डन ऑफ ईडन'च्या लाकडी जिन्यांवर आणि शेवटच्या लांब उतारावर. मध्येच सोडून परत फिरणंही सोपं नाही.

पर्याय आहे आणि तो चांगला आहे : किंग्ज क्रीकची खालची वाट, जाऊन-येऊन २.६ किमी, तासाभराची. दोन्ही बाजूंना शंभर मीटरच्या वर उंच भिंती, खाली रेड गमची झाडं. आई आणि तुम्ही खाली, बाबा गटाबरोबर वर, असं ठरवून टाका. वर जाणाऱ्याने कडेपासून किमान दोन मीटर आत राहायचं. वालुकाश्माची कड वरून भक्कम दिसते पण खालून पोखरलेली असते. फोटोसाठी टोकावर बसणं हाच तिथला खरा धोका आहे.

काटा जुटाला 'व्हॅली ऑफ द विंड्स'ची पूर्ण फेरी ७.४ किमी, सुट्या दगडांची. आईसाठी कारू लुकआउटपर्यंत जाऊन परत येणं, २.२ किमी, पुरे. किंवा वाल्पा घळ, २.६ किमी. (उन्हाळ्यात जाणाऱ्यांसाठी : ३६ अंश किंवा जास्त तापमानाचा अंदाज असला की सकाळी ११ ला कारूच्या पुढची वाट बंद करतात.) उलुरूला माला वाट २ किमी, सपाट, चाकाची खुर्चीही जाते. कुनिया वाट १ किमी, मुटिजुलूच्या पाणवठ्यापर्यंत. या दोन केल्या तरी जे पाहायचं ते दिसतं.

चालायच्या दोन घडीच्या काठ्या घ्या, मेलबर्नहून नेताना चेक-इन सामानात. पाणी थंडीतही माणशी तीन लिटर. तहान लागत नाही म्हणून लोक एकच बाटली नेतात आणि दुपारी डोकं दुखायला लागतं. हवा इतकी कोरडी असते की घाम दिसतच नाही, तो तिथल्या तिथे उडून जातो.

---

चिंचबन

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला क्रीकची वाट दाखवली, ती खूश आहे. दोन गोष्टी राहिल्या : जेवण आणि इन्सुलिन. शिवाय टूरच्या माहितीत 'सर्वांनी कामात हातभार लावणे अपेक्षित' असं लिहिलंय. म्हणजे नेमकं काय करावं लागतं?

---

भाकरतुकडा

हातभार म्हणजे : रस्त्यात थांबून लाकडं गोळा करणं (उद्यानाच्या हद्दीबाहेर, गाइड दाखवेल तिथेच), भाज्या चिरणं, भांडी घासणं-पुसणं, स्वॅग ट्रेलरवर चढवणं-उतरवणं. शेवटचं काम बाबांनी करू नये, ओला-कोरडा स्वॅग दहा किलोच्या आसपास भरतो आणि तो वर फेकायचा असतो. त्यांनी भाज्या चिराव्यात. कामं आपखुशीने वाटून घेतली जातात. कुणी खुर्चीत बसून राहिलं तर मात्र जेवायला तासभर उशीर होतो आणि दुसऱ्या दिवशी पाचला उठायचंच असतं.

जेवण. बुकिंग करताना नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहू नका. तिथे त्यात अंडं येतं, आणि तयार व्हेज पॅटीमध्ये बांधायला अंडं असतंच बऱ्याचदा. 'अंडी नाहीत, मासे नाहीत, दूध-दही-चीज चालतं' असं शब्दाशब्दाने लिहा आणि निघायच्या दोन दिवस आधी फोन करून पुन्हा सांगा. शिधा आदल्या दिवशी अ‍ॅलिसला भरला जातो. अर्लडुंडाच्या पुढे गेल्यावर गाइडला कळलं तर तो बिचारा आईला कोशिंबीर आणि पावच देऊ शकतो.

बार्बेक्यूची लोखंडी प्लेट सगळ्यांची एकच असते, त्यावर सॉसेज आणि कांगारूचं मांस भाजतात. आईला ते चालणार नसेल तर अ‍ॅल्युमिनियम फॉइल न्या. बटाटा, रताळं, मका, ढोबळी मिरची फॉइलच्या दुहेरी थरात गुंडाळून निखाऱ्यांच्या कडेला पुरायची. अख्ख्या मध्यम बटाट्याला चाळीस-पन्नास मिनिटं लागतात, म्हणून जाळ पेटल्यावर निखारे पडले की लगेच ठेवायचा. ज्वाळेत ठेवला तर बाहेरून कोळसा आणि आत कच्चा.

गाइडने डॅम्पर (निखाऱ्यांवर भाजलेला साधा पाव) करायचं ठरवलं तर आईला पुढे करा. पानगे केलेल्या बाईला ते समजावून सांगावं लागणार नाही. तीन कप सेल्फ-रेझिंग पीठ, अर्धा चमचा मीठ, साधारण एक कप पाणी, लागलं तर थोडं वाढवून. फार मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. बिडाच्या जड भांड्यात पीठ भुरभुरून गोळा ठेवायचा, झाकण लावून खाली थोडे निखारे आणि झाकणावर जास्त. चूक नेहमी एकच होते : खाली भरपूर निखारे घालतात आणि बूड करपतं. पंचवीस-तीस मिनिटांनी बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज आला की झालं.

सोबत न्यायचं : दाण्याची चटणी, लसणाची कोरडी चटणी, मेतकूट, भाजलेले शेंगदाणे, उपमा-पोह्यांची गरम पाणी घालायची पाकिटं. सगळं मेलबर्नच्या भारतीय दुकानात मिळतं, तिथेच घ्या. आईबाबा भारतातून काही आणत असतील तर विमानात देतात त्या कार्डावर अन्नाच्या प्रश्नाला 'हो'च लिहायचं. दाखवलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेली सापडली तर मोठा दंड होतो. पेढे, बर्फी, खवा, ताजी फळं, बियाणं आणायचंच नाही. मेलबर्नहून निघतानाही ताजी फळं पिशवीत नकोत, फळमाशीमुळे राज्याराज्यांत निर्बंध आहेत. फळं तिथे जाऊनच घ्या.

---

लालमाती

इन्सुलिनबद्दल. त्याला दोन शत्रू : दिवसा बंद गाडीतली उष्णता आणि रात्रीचा गोठवणारा गारठा. दुसरा लोकांच्या लक्षात येत नाही. रात्री गाडीत किंवा बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात पेन राहिलं आणि पारा शून्याखाली गेला तर इन्सुलिन गोठतं. एकदा गोठलेलं परत वितळलं तरी वापरायचं नाही, ते काम करत नाही. चालू पेन रात्री छोट्या डबीत घालून स्लीपिंग बॅगेत, अंगाला न चिकटवता. राखीव पेन गाइडच्या फ्रिजमध्ये, पण बर्फाला किंवा थंड पत्र्याला टेकवून नाही, टॉवेलात गुंडाळून. आणि दोन्ही एकाच ठिकाणी ठेवायची नाहीत.

साखर तपासायचं यंत्रही फार गार झालं की चूक दाखवतं किंवा बंद पडतं. पहाटे वापरण्याआधी दहा मिनिटं खिशात ठेवा, बोटंही चोळून गरम करा, नाहीतर थेंब येत नाही.

जेवणाची वेळ घड्याळाप्रमाणे होत नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. सूर्यास्त बघून, कॅम्पवर जाऊन, जाळ पेटवून जेवण साडेआठला होऊ शकतं. जेवणाआधीचं इन्सुलिन असेल तर ताट समोर आल्यावरच. दिवसभर नेहमीपेक्षा जास्त चालणं होणार, त्याने साखर पहाटे उतरते. तेव्हाच बाबा अंधारात, थंडीत, एकटे झोपलेले असतील. मात्रा किती ठेवायची हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून लिहून घ्या. ग्लुकोजच्या गोळ्या बाबांच्या जॅकेटच्या खिशात. (खाण्याची वस्तू स्वॅगमध्ये नको असं मी वर लिहिलंय, त्याला हा एकच अपवाद. घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा.) तुमचा स्वॅग त्यांच्याला लागून. गाइडला पहिल्या दिवशी गाडीत बसतानाच सांगा, लपवू नका. युलाराला दवाखाना आहे, पण किंग्ज कॅन्यनच्या रस्त्यावर फोनची रेंज लागत नाही. गाइडकडे सॅटेलाइट फोन आहे का, हा प्रश्न रानवाटांच्या यादीत वाढवा. गंभीर प्रसंगी रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसचं विमान येतं. आईबाबांच्या प्रवास विम्यात आधीपासूनचा मधुमेह नोंदवलेला आहे ना, तेही पाहा.

सकाळी स्वॅग गुंडाळायचं राहिलं. ज्या टोकाला पट्टे शिवलेले असतात त्याच्या उलट टोकापासून सुरुवात करायची. आधी दोन्ही बाजूंच्या कडा आत, मग गुडघे टेकून, प्रत्येक वळीला अंगाचं वजन टाकून हवा काढत पुढे सरकायचं. सैल वळकटी ट्रेलरमध्ये मावत नाही आणि परत सगळं उलगडावं लागतं. रात्री दव किंवा हिम पडलं असेल तर कॅनव्हास ओलाच गुंडाळला जातो. दुपारच्या जेवणाला थांबाल तेव्हा पंधरा मिनिटं उन्हात पसरा. नाहीतर दुसऱ्या रात्री ओल्या गादीवर झोपावं लागतं.

---

त्रिशंकू

तारखा पक्क्या करण्याआधी अमावास्या बघा. तिच्या चार-पाच दिवस आधी-नंतरची टूर मिळाली तर आभाळ पूर्ण काळं मिळेल. जुलैच्या पूर्वार्धात शाळांच्या सुट्ट्या असतात, उत्तरार्धात जागा मिळायला थोडं सोपं.

महाराष्ट्रातून त्रिशंकू दक्षिण क्षितिजालगत जेमतेम दहा-बारा अंशांवर येतो, धुरकट हवेत बहुतेकांना तो दिसतही नाही. उलुरूला तो जुलैत अंधार पडताच दक्षिणेला चांगला उंच दिसतो. आणि वृश्चिक : आपल्याकडे तो दक्षिणेला कललेला असतो, तिथे डोक्यावर येतो. जुलैच्या मध्यावर रात्री पावणेदहाच्या सुमारास ज्येष्ठा जवळजवळ बरोबर माथ्यावर असते, कारण तिथलं अक्षांश आणि त्या ताऱ्याची क्रांती (आकाशातलं अक्षांश म्हणा) यांत एखाद्या अंशाचाच फरक आहे. त्याच वेळी आकाशगंगेचा सगळ्यात दाट भाग वर असतो. स्वॅगमध्ये उताणं झोपून बघायचं, मान वर करावी लागत नाही. बाबांना ज्येष्ठा नक्षत्र ठाऊक असेल, तांबूस रंगावरून लगेच ओळखतील.

डोक्यावरच्या बॅटरीला लाल दिवा असलेली घ्या. पांढरा दिवा एकदा डोळ्यात गेला की अंधाराला सरावायला परत वीस मिनिटं लागतात, तुम्हालाही आणि शेजारच्या स्वॅगमधल्यालाही. आणि फोनवरची वेळ तपासा : नॉर्दर्न टेरिटरी (उलुरू आणि अ‍ॅलिस ज्यात येतात तो प्रांत) जुलैत मेलबर्नच्या अर्धा तास मागे आहे, भारताच्या बरोबर चार तास पुढे.